शेकायचे दगड

"मास्तर, हात नका घालू आत. पिठाले विचारा," कौतिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या तोंडातून आत फेकला.

मैदा तापलेल्या पत्र्यावर पडला. आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो. त्या ओठातल्या ओठात आकडे मोजत होत्या. सातालाच पीठ काळं पडलं.

"पाहा. लय तापली. आता पाव घातले त बूड जळन अन् पोट कच्चं राहीन."

"असं कसं? मी हात घालून पाहिलाय ना," मी म्हणालो आणि पावाचा पत्रा आत सरकवला.

पाव निघाले ते खालून कोळसा आणि आतून लगदा. कौतिकाबाईंनी एक पाव मनगटांत धरून फोडला, त्याच्या पोटातली ओली कणीक मला दाखवली आणि दुसरा पत्रा तयार करायला घेतला. तोवर लाकडं विझत आली होती. त्या वेळी पीठ तीस मोजले तरी पांढरंच. दुसरा घाणा फुगलाच नाही.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीतली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. अचलपूरला पत्राकामाचं शिक्षण घेऊन आमपाटीच्या वसाहतीत कामशाळेचा मास्तर म्हणून लागलो होतो. सातपुड्याच्या माथ्यावर, घाट चढून गेल्यावर ही कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांची वसाहत होती. औषधानं रोग केव्हाच गेला होता, पण घरच्यांनी परत नेलं नाही म्हणून माणसं राहिली होती. रोग जाताना हातापायांची जाणीवही घेऊन गेला होता. कौतिकाबाईंना मनगटांच्या पुढं आणि घोट्यांच्या खाली ऊन, गार, टोचणं, कापणं यांतलं काहीच कळत नसे. बोटं आत वळलेली. वय चाळिशीचं, त्यातली अकरा वर्षं आमपाटीत. तरी आख्ख्या वसाहतीत कणकेचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. मळताना त्या कोपरापासूनचा हात वापरायच्या आणि भट्टीची धग पिठाच्या रंगावरून ओळखायच्या.

खालच्या गावचा पाववाला पिशवी फाटकाबाहेर ठेवून, मागं न बघता सायकल मारायचा. तो पाव खायला नको म्हणून मी डांबराच्या रिकाम्या ड्रमची भट्टी केली होती. ड्रम आडवा, त्याच्याखाली विटांच्या चरात लाकडं, वरून मातीचा लेप. धुराचा पाइप मी सरळ वर न नेता शेजारच्या बायकांच्या हॉलमध्ये नेला, भिंतीच्या कडेनं फिरवला आणि पलीकडून बाहेर काढला. एकाच जाळावर पाव भाजावेत आणि हॉलही तापावा, हा माझा हिशेब. मला त्याचा फार अभिमान होता. पण लाकडं पेटती होती तोवरच सगळं ऊन. जाळ विझला की तासाभरात ड्रम गार, पाइप गार, आणि हॉलमधल्या चौदा बाया पुन्हा कुडकुडत.

"जाडी नाही हो हिला," मी अंभोरे सिस्टरांना सांगितलं. वसाहतीचा सगळा कारभार त्याच बघायच्या. "ड्रमभोवती वीतभर जाडीचं बांधकाम पाहिजे. म्हणजे ते ऊब पिऊन घेईल आणि रात्रभर सोडत राहील."

"बांधकाम मिळणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "मार्चमध्ये नवं स्वयंपाकघर होतंय. ही शेड पाडायचीच आहे. काय करायचं ते सुटं करा, उचलून नेता येईल असं."

मग मी दगड रचायचे ठरवले. ड्रमच्या दोन्ही अंगांना, ड्रमच्या आत तळाशी आणि हॉलमधल्या पाइपाच्या खाली-वर. थंडी सरली की काढून टाकायचे. नाल्यातून छान गुळगुळीत गोटे बैलगाडीतून आणले. उतरवत होतो तिथं यल्लप्पा बसला होता. तो जातीचा वडार, दगडात जन्म गेलेला. आता बोटं उरली नव्हती, पण काठीनं दगडावर टकटक करून तो त्याचं पाणी सांगायचा.

"मास्तर, नाल्याचा गोटा आगीत नका घालू," तो म्हणाला. "त्याच्या पोटात पानी रायते."

"वाळवले आहेत मी दोन दिवस."

"वरून वाळले. पोटातून नाई वाळले."

मी हसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी भट्टीत बार उडाल्यासारखा आवाज झाला. ड्रमचं झाकण उघडून भिंतीवर आदळलं. दगडाची एक ढलपी कौतिकाबाईंच्या कानाजवळून गेली आणि मैद्याच्या पोत्यात घुसली. कुणाला लागलं नाही. यल्लप्पा उठून आला, काठी टेकत विहिरीमागं गेला. वसाहतीची विहीर खणताना निघालेला काळा दगड तिथं दहा-बारा वर्षं उन्हात पडला होता. त्यातला एकेक दगड वाजवून त्यानं निवडून दिला. पहिले दोन दिवस नुसता मंद जाळ ठेवायला लावला.

आणि भट्टी सुधारली. तापायला वेळ घ्यायची, पण एकदा तापली की तीन घाणे त्याच उबेवर निघायचे. कौतिकाबाईंचं पीठ वीस मोजेपर्यंत बदामी व्हायचं, तिन्ही वेळा. हॉलमधला पाइपही पहाटेपर्यंत कोमट राहायचा. बाया मला बघून हसायला लागल्या. तेवीस वर्षांच्या माणसाला आणखी काय पाहिजे असतं?

नाताळानंतर थंडीची लाट आली. सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं दिसायचं. पाइपाजवळच्या खाटा उबदार होत्या, पण दारापाशी ऊब पोचत नव्हती. शेवटची खाट कौतिकाबाईंची. मला युक्ती सुचली. संध्याकाळचे पाव झाले की ड्रमच्या अंगचे दगड चिमट्यानं काढायचे, पोत्यात गुंडाळायचे आणि दाराकडच्या खाटांवर पांघरुणाखाली ठेवायचे.

मी सिस्टरांना विचारलं.

"पोतं दुहेरी," त्या म्हणाल्या. "सहाला ठेवायचे, साडेसातला मी घंटा देईन. घंटा झाली की दगड बाहेर. माणूस अंथरुणात आणि दगडही अंथरुणात, असं एक मिनिटही नाही. या पायांना कळत नाही, मास्तर. मागं एकीनं चुलीतल्या निखाऱ्यावर पाय दिला होता. शेजारणीला वास आला तेव्हा समजलं."

आठवडाभर त्यांनी स्वतः उभं राहून घंटा दिली. मग त्यांना वडिलांच्या आजारपणासाठी अकोल्याला जावं लागलं. जाताना त्यांनी मला एक वही दिली. रोज संध्याकाळी वसाहतीतली माणसं एकमेकांचे तळवे तपासत. फोड, चीर, खिळा, काही दिसलं तर सांगत. सिस्टर प्रत्येकाच्या नावापुढं खूण करत.

"स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच खूण," त्या म्हणाल्या. "एवढं करा."

"करतो," मी म्हणालो.

सिस्टर गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिकाबाई कणीक मळता मळता थांबल्या.

"मास्तर, एक सांगू? हसू नका."

"सांगा."

"काल दगड काढाले तुम्हाले उशीर झाला. मी पाय पसरून बसली होती. अन् मले कळलं."

"काय कळलं?"

"ऊन. डाव्या पायाले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आधी वाटलं, मनाचे खेळ. मंग पाय मागं घेतला, त गेलं. पुन्हा नेला, त आलं."

मी हातातला पत्रा खाली ठेवला. मला वैद्यकीतलं काही कळत नव्हतं. पण ऊब मला कळत होती. ऊब आत मुरते, साठते, जिथवर जाईल असं वाटत नाही तिथवर जाते, हे मी त्याच महिन्यात शिकलो होतो.

"सिस्टर येऊ द्या. त्यांना सांगू," मी म्हणालो.

"नाई. आत्ताच नाई. खरं नसलं त चारचौघींत तोंड दाखवाले जागा नाई राहनार. आधी तुम्ही पाहा ना. सिस्टर पाहते तसं."

सिस्टर कशी परीक्षा घेतात ते मी बघितलं होतं. डोळे मिटायला लावून पेनाचं टोक टेकवायचं आणि कुठं लागलं ते विचारायचं. मी भट्टीतून एक छोटा दगड काढला, हाताला सोसेल इतका निवू दिला. तसाच दुसरा गार दगड बाहेरून आणला. कौतिकाबाई मैद्याच्या पोत्यावर बसल्या, डावा पाय पुढं केला, डोळे घट्ट मिटले.

मी गार दगड तळव्याला टेकवला.

"थंडा," त्या म्हणाल्या.

मग ऊन टेकवला.

"ऊन."

पुन्हा ऊन. "ऊन." गार. "थंडा." पाचव्यांदा त्या चुकल्या. सहाव्यांदा पुन्हा बरोबर. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी लहान पोरासारखा हसत होतो. त्या हसत नव्हत्या.

"पाच वेळा बरोबर आलं, कौतिकाबाई! सहातून पाच!"

"खरं?"

"अगदी खरं."

त्या जराशानं म्हणाल्या, "मंग एक चिठ्ठी लिहून द्या."

चिठ्ठी त्यांच्या भावाला, उकंडरावाला, दर्यापूरकडच्या गावाला. अकरा वर्षांपूर्वी त्यानंच त्यांना घाटाच्या बसमध्ये बसवलं होतं. "हातापायाले कळाले लागलं की येतो घ्याले," असं सांगून गेला होता. कौतिकाबाईंची मुलगी शेवंता तेव्हा पाच वर्षांची होती, ती मामाकडेच वाढत होती. आधीच्या चिठ्ठ्यांना उत्तर आलं नव्हतं.

"तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "मास्तरच्या अक्षरात. तुम्ही सोता परीक्षा घेतली असं लिहा."

मी लिहिलं. 'आपल्या भगिनीच्या डाव्या पायाला उष्णता कळू लागली आहे, मी स्वतः खात्री करून घेतली आहे.' खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं.

त्या संध्याकाळी साडेसातला मी घंटा दिली. सगळे दगड बाहेर काढले. कौतिकाबाईंच्या खाटेपाशी आलो तेव्हा त्या पांघरूण धरून बसल्या होत्या.

"हा राहू द्या, मास्तर. आजच्या दिवस."

"सिस्टरांनी सांगितलंय..."

"ज्याले कळत नाही त्याच्यासाठी सांगितलं ते. मले त कळते."

"फार ऊन वाटला तर पाय मागं घ्या," एवढं बोलून मी निघालो. खोलीवर येऊन वही काढली आणि हॉलमधल्या चौदा नावांपुढं चौदा खुणा केल्या. तेराजणींचे पाय मी पाहिले होते.

दुसऱ्या सकाळी त्या म्हणाल्या, "काल जास्त कळलं." त्या संध्याकाळी मी मोठा दगड दिला. तिसऱ्या संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "दोन पोत्यांतून नीट येत नाही ऊब," आणि मी एक पोतं काढलं. पायात त्यांनी लोकरीचे मोजे घातले होते. तेही मला बरंच वाटलं, तेवढीच काळजी घेतल्यासारखं. वहीत खुणा करत गेलो.

चौथ्या सकाळी मी शेडमध्ये पोचलो तेव्हा कौतिकाबाई आधीच कामाला लागल्या होत्या. गुणगुणत होत्या. जमिनीवर रोजच्यासारखा मैदा सांडला होता. कणकेच्या परातीपासून भट्टीपर्यंत त्यात पावलं उठली होती. उजवं पाऊल कोरडं. डावं पाऊल ओलं. प्रत्येक डाव्या पावलाखाली मैदा भिजून चिकट झाला होता.

"कौतिकाबाई, पाणी सांडलं का कुठं?"

"नाई त."

"बसा जरा."

"अवो, पाव फुगले. आता बसू काय?"

"बसा म्हणतो ना!"

माझा आवाज ऐकून त्या बसल्या. मी मोजा काढायला गेलो, तर तो निघेना. कोमट पाणी ओतून भिजवला, हळूहळू सोडवला. मोज्याबरोबर कातडीही आली. टाच आणि पायाची बाहेरची कड उकडलेल्या बटाट्यासारखी पांढरी झाली होती, आणि मधे एका ठिकाणी काळी.

त्या वाकून बघत राहिल्या. दुसऱ्या कुणाच्या तरी पायाकडे बघावं तसं.

"दुखतं का?" मी विचारलं. आजही हा प्रश्न आठवला की माझी मान खाली जाते.

"नाई," त्या म्हणाल्या.

भट्टीत पाव जळत होते. ते काढायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

डॉक्टर दर गुरुवारी खालून यायचे. सुदैवानं तो गुरुवारच होता, आणि त्याच बसनं सिस्टरही परतल्या. डॉक्टरांनी पाय पाहिला, बराच वेळ पाहिला. मग सगळ्यांसमोर विचारलं, "दगड अंथरुणात राहिला कसा?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच कौतिकाबाई बोलल्या.

"मीच लपवून ठेवला. मास्तरले काही मालूम नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या बुटांकडे पाहत होतो. मी त्या वेळी गप्प राहिलो.

सिस्टरांनी मी परत दिलेली वही उघडली, पानं उलटली आणि मिटली.

कौतिकाबाईंना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. जखम हाडापर्यंत गेली होती. तीन आठवडे खटपट झाली, मग गुडघ्याखाली पाय काढावा लागला. इकडं त्याच दिवशी सिस्टरांनी ड्रमच्या अंगचे आणि पाइपावरचे सगळे दगड काढायला लावले. मी आणि यल्लप्पानं ते पुन्हा विहिरीमागं नेऊन टाकले. हॉल पुन्हा गार पडला. एकही बाई त्याबद्दल मला बोलली नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाय काढल्याची बातमी आली त्या दुपारी मी सिस्टरांकडे गेलो.

"दगड मी ठेवू दिला," मी म्हणालो. "तीन रात्री. पोतंही मीच काढलं. आणि पाय न बघता खुणा केल्या."

त्या पट्ट्या गुंडाळत होत्या. हात थांबले नाहीत.

"माहीत आहे मला. तीन दिवसांच्या खुणा एकसारख्या, एका दमात ओढलेल्या आहेत. बघून केलेली खूण अशी येत नाही."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मी बोलून काय झालं असतं? तुम्ही याल म्हणून वाट बघत होते." मग म्हणाल्या, "आता डॉक्टरांना सांगा. सगळ्यांसमोर. ती सगळ्यांसमोर बोलली होती."

पुढच्या गुरुवारी मी सांगितलं. परीक्षेचं आणि सहातून पाच वेळा बरोबर आल्याचंही सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी माझा पाय पुढं करायला लावला आणि नडगीवर बोट ठेवलं. "इथं तिला कळत होतं. गरम दगडाची धग वर चढते. तळपायाला नाही, इथं कळली असेल. माणसाला पायाला कळलं असंच वाटतं." थोडं थांबून ते म्हणाले, "पण परीक्षेत तुम्ही छोटा, निवलेला दगड घेतला होता म्हणता. त्याची धग एवढी वर पोचणार नाही. ते पाच वेळा कसं बरोबर आलं, मला सांगता येणार नाही."

मला वाटलं होतं काढून टाकतील. त्यांनी ठेवलं. त्या दिवसापासून दोन वर्षं, दर संध्याकाळी, मी वसाहतीतल्या प्रत्येकाचा तळवा हातात घेऊन पाहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी मी इस्पितळात कौतिकाबाईंना भेटायला गेलो. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पांघरूण डाव्या बाजूला गुडघ्याखाली एकदम सपाट होत होतं.

"बसा, मास्तर," त्या म्हणाल्या. "उकंडा आला होता परवा. तुमची चिठ्ठी घेऊन."

त्या चिठ्ठीचा मला विसर पडला नव्हता. ती पोचली नसावी, एवढीच मी आशा धरून होतो.

"आमपाटीले गेला, तिथून त्याले इथं धाडलं. दारातून पाय पाहिला, म्हनजे नसलेला पाय पाहिला. चिठ्ठी मले दाखवली. म्हने, हे काय लिहिलं या मास्तरनं? खोटारडा हाय काय तो?"

"कौतिकाबाई, माझं चुकलं. मी तुम्हाला..."

"थांबा. माझं होऊ द्या." त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं, तिथली बाई झोपली होती. तरीही त्यांनी आवाज खाली आणला. "पहिल्या दिवशी मले कळलं ते खरं होतं. पायाले कळलं का पोटरीले, देव जाने. पन तुम्ही परीक्षा घेतली ना, तवा काहीच कळत नव्हतं."

"पण तुम्ही बरोबर सांगितलं."

"तुम्ही ऊन दगड आनत होते तवा श्वास धरत होते. थंडा आनताना नाई. अकरा वर्षं मी डोळ्यानं अन् कानानंच ऊन-थंडं ओळखते. एक मुद्दाम चुकवलं. सगळेच बरोबर आले असते त तुम्हालेही खरं नसतं वाटलं."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेत होतं, तिचा फरशीवर घासल्याचा आवाज येत होता.

"चिठ्ठीसाठी?"

"माझ्या तोंडची चिठ्ठी त्याले पटत नव्हती. ते दोघं नवरा-बायको चिठ्ठ्या वाचून चुलीत घालत होते, मले ठाव हाय. मास्तरची सही पाहिजे होती."

"मग चिठ्ठी गेली त्याच दिवशी सगळं संपलं होतं. दगड कशाला ठेवून घेतला? तीन रात्री?"

वळलेल्या बोटांनी त्या पांघरुणाची घडी पुन्हा पुन्हा सपाट करत होत्या.

"खोटं त बोलून बसली होती," त्या म्हणाल्या. "उकंडा येईन, पाय पाहीन, इचारीन. वाटलं, तवापर्यंत खरं होऊन जावं. दगडात ऊब जाते त पायात काहून नाई जानार? रोज वाटे, थोडं आनखी जवळ नेलं की येईन. मंग मलेच समजेना, कळते का वाटते."

मी माफी मागितली. कशाची ते नीट सांगता आलं नाही, पण मागितली. त्यांनी ती घेतली की नाही मला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही पोतं नसतं काढलं त मी काढलं असतं." हे मला सोडवायला म्हणाल्या की खरं म्हणून, ते मी चाळीस वर्षं ठरवू शकलो नाही. त्यांना ते काढता आलं नसतं, एवढं मात्र खरं. पोत्याची गाठ मी मारलेली होती, त्यांच्या बोटांना सुटणारी नव्हती.

"उकंडराव नेणार नाहीत ना?" मी निघताना विचारलं.

"नाई. एका पायाची बाई घेऊन काय करन तो?" त्या सहज म्हणाल्या. मग सरळ बसल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "पन शेवंताले घेऊन आला होता. चिठ्ठीत मायले बरं वाटते असं होतं ना, म्हनून पोरगी हट्टानं संगं आली. सोळाची झाली. माह्याहून उंच. मामा बाहेरच उभा राह्यला, ती आत आली. हातापायाले नाई लावला हात, भेली असन. इथं लावला." त्यांनी मनगटानं कपाळाला स्पर्श केला. "सकाळच्या बसनं आले होते, खिडकीत बसली असन. बोटं बरफासारखी थंडी होती तिची."

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कपाळाले कळते मले, मास्तर."